आंबट, सोडा आणि रिठे : घरच्या वस्तूंनी घर साफ करायला शिकताना

आमच्या ओट्यावर शेगडीच्या डाव्या हाताला वाटीच्या बुडाएवढा एक पांढुरका गोल आहे. त्यावर मी मिठाची बरणी ठेवते, म्हणून आल्यागेल्याला दिसत नाही. काही वर्षांपूर्वी बाजारची फिनाईलं बंद करून सगळं घरच्या घरी करायचा नवा उत्साह होता. तेव्हा व्हिनेगरची वाटी रात्रभर तिथे राहिली. बुडाला ओल होती. सकाळी वाटी उचलली तर काळ्याभोर कडप्प्यावर चंद्र उगवलेला. घासला, खोबरेल तेल चोळलं, काही फरक नाही. पडणारही नाही, कारण तो डाग नाहीच. तिथला दगडच खाल्ला गेला आहे.

घरगुती वस्तूंनी साफसफाई सुरू करणारे बहुतेक जण इथेच फसतात. लिंबू आहे, सोडा आहे, स्वयंपाकघरातलंच आहे, मग नुकसान काय होणार, असं वाटतं. होतं. म्हणून पाककृतींच्या आधी थोडी ओळख करून घेऊ. ती एकदा झाली की पुढचं सगळं तीन वस्तूंवर निभावतं.

पहिली पायरी : पाणी कसं आणि फरशी कशाची

नागपुरात नळाचं पाणी पेंच आणि कन्हान नदीचं. पण कितीतरी घरांत, विशेषतः शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये आणि अपार्टमेंटमध्ये, वापरायला बोअरचं पाणी असतं, आणि ते साधारणपणे नदीच्या पाण्यापेक्षा जड. त्यात विरघळलेले चुन्याचे क्षार असतात. पाणी तापलं किंवा वाळलं की ते क्षार पांढरे होऊन बसतात. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या आत, गिझरच्या कॉइलवर, कुलरच्या जाळीवर जी पांढरी खपली दिसते ती हीच. त्यातच साबण जड पाण्याशी जुळत नाही. फेस कमी आणि फाटलेल्या दुधासारखा चिकट साका जास्त, असा प्रकार होतो. न्हाणीच्या टाइल्सवरचा तो न जाणारा धुरकट थर म्हणजे हा साका अधिक क्षार.

तुमचं पाणी कसं आहे हे पाच मिनिटांत कळतं. पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा नखाएवढा चुरा टाका, झाकण लावून जोरात हलवा. वर फेस उभा राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं, तर पाणी हलकं. फेस चिमूटभर आणि पाणी गढूळ, तर जड. कपड्याच्या पावडरीने ही परीक्षा करू नका. ती जड पाण्यातही फेसाळते आणि फसवते.

आता फरशी. कोटा, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चारही दगड मुळात चुनखडीच्या घराण्यातले. जुन्या घरांतल्या मोझॅक टाइल्समध्येसुद्धा सिमेंटात संगमरवराचे तुकडे असतात. म्हणजे नळावर बसलेली खपली आणि तुमच्या पायाखालची फरशी रसायन म्हणून जवळच्या नात्यातल्या. आंबट पदार्थ खपली विरघळवतो तेव्हा फरशीला सोडत नाही. त्याला काय ठाऊक कोण घाण आणि कोण घर!

ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना सौम्य आंबटाचं भय तितकंसं नाही. आपली फरशी कशाची हे माहीत नसेल तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच-सात मिनिटांनी पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा चमक मेलेला ठिपका राहिला, तर ती फरशी चुनखडीची. तिच्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच, पुढे येणारं संत्र्याच्या सालीचं आंबट एन्झाइम, काही म्हणजे काही नको.

दुसरी पायरी : सामान आणायला इतवारीत

यासाठी 'इको' लिहिलेल्या महागड्या बाटल्या घ्यायची गरज नाही. इतवारीतल्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या बाजारातल्या, किराण्यात आणि जडीबुटीवाल्याकडे सगळं सुटं मिळतं. मी पहिल्यांदा गेले आणि नुसतं "सोडा द्या" म्हणाले, तर दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "काकू, खावाचा का धुवाचा?" या एका प्रश्नात अर्धी शिकवणी आहे.

खाण्याचा सोडा सौम्य. भजी-ढोकळ्यातला तोच. किंचित खरखरीत असल्याने हलक्या हाताने घासायला आणि वास शोषायला चांगला. धुण्याचा सोडा त्याचा थोरला भाऊ, बराच तिखट. तेल-तूप-चिकटा कापतो तो हा. हाताची कातडीही कोरडी करतो, म्हणून रबरी हातमोजे घालायचे आणि डोळ्यांत उडू द्यायचा नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्याला तो लावलात तर भांडं काळं पडेल.

आंबटासाठी मी आता व्हिनेगरपेक्षा लिंबूफूल घेते, म्हणजे सायट्रिक ॲसिड. पांढरे खडे, साखरेसारखे दिसणारे. वास नाही, स्वस्त पडतं, आणि हवं तितकं कडक करता येतं. साखरेसारखं दिसतं म्हणूनच डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडे एकदा ते चहात गेलं आहे. दूध फाटलं म्हणून कळलं.

तिसरं सामान रिठे. शिवाय पितळ-तांब्यासाठी चिंच, आणि जुने सुती कपडे : धोतर, लुगडं, विरलेली चादर. पुसायला सुती कापडासारखं दुसरं काही नाही. टेरिकॉट पाणी पीत नाही, नुसतं फिरवतं. एक नारळाच्या काथ्याची घासणी, एक जुना दात घासायचा ब्रश आणि दोन फवारणीच्या बाटल्या. झालं.

घरात आधीचं फिनाईल, बाथरूमचं ॲसिड पडलेलं असेल तर नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत पीडा घालवताना म्हणतात तसं "घेऊन जा गे मारबत" म्हणत एका झटक्यात मोरीत ओतू नका. आपल्या मोरीतून निघालेलं पाणी शेवटी नाग नदीत, नागमधून कन्हानात आणि पुढे वैनगंगेत जातं. आहे ते सावकाश वापरून संपवा, नवं आणू नका.

तिसरी पायरी : तीन प्रकारचं पाणी तयार करा

आंबट पाणी : एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल. हलवा, विरघळलं की बाटलीत भरा. काम एकच, क्षार काढणे.

सोड्याचं पाणी : एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. हे साठवायची गरज नाही, लागेल तेव्हा ताजं करा. काम एकच, तेलकट काढणे.

रिठ्याचं पाणी : पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. उतू जातं हं, पातेलं मोठं घ्या आणि तिथेच उभे राहा. गार झालं की हाताने कुस्करून फडक्यातून गाळा. तपकिरी, किंचित उग्र वासाचं पाणी मिळेल. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं. जास्त केलं तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा आणि बादलीत एक-दोन खडे टाका. रिठ्याचा मोठा गुण म्हणजे जड पाण्यातही तो साबणासारखा साका धरत नाही. फरशी, भांडी, हलके कपडे, सोफ्याची कव्हरं, सगळ्याला चालतो. कोट्यालाही.

आता आंबट आणि सोड्याचं एकत्र काय? मोबाईलवर रोज कोणीतरी सोड्यावर व्हिनेगर ओततं, भसाभसा फेस येतो आणि खाली 'जादू' असं लिहिलेलं असतं. फेस खरा आहे, जादू नाही. आंबट आणि सोडा भेटले की एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते थोडंसं मीठ असलेलं पाणी आणि हवेत उडालेला वायू. दोन्ही चांगल्या वस्तू एकाच वेळी वाया. एकानंतर एक वापरा, मध्ये पाण्याने धुवा, पण एका वाटीत नको.

दुसरी एक गोष्ट मात्र वाया जाण्याची नसून जिवाची आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बाथरूमचं ॲसिड असो, व्हिनेगर असो की लिंबूफूल, तोच प्रकार. बंद न्हाणीत तो छातीत भरतो. टाकी धुवायला ब्लीच वापरलं असेल त्या दिवशी आंबट बाटलीला हात लावायचा नाही.

चौथी पायरी : स्वयंपाकघर

इथे खरा शत्रू तेल. आणि नागपुरी घरात तेल म्हणजे नुसतं तेल नसतं. रविवारी सावजी पद्धतीचा रस्सा झाला की तर्रीचे लालभडक शिंतोडे शेगडीमागच्या टाइल्सवर, सिंकच्या कडेला, स्विचबोर्डवर. ते वाळायच्या आत काढलं तर काम दोन मिनिटांचं. रात्रीवर टाकलं की अर्ध्या तासाचं.

क्रम असा. आधी कोरडं. ज्वारीचं पीठ, कोंडा, चाळणीत उरलेला कणकेचा भुसा, जे असेल ते सांडलेल्या तेलावर भुरभुरवा. पीठ तेल पितं, मग ते खरडून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नाही. पाइपात पीठ आणि तेल मिळून छान पुट्टी तयार होते. मग सोड्याच्या कढत पाण्यात फडकं पिळून त्या जागेवर नुसतं ठेवून द्या. घासू नका. दहा मिनिटं चहा प्या. नवखी माणसं घासण्यात दम काढतात. खरं काम मुरण्यात होतं. दहा मिनिटांनी फडकं फिरवलं की तेलाचा थर लोण्यासारखा निघून येतो. शेवटी साध्या पाण्याचं फडकं. स्विचबोर्डवर मात्र कोरडं किंवा अगदी घट्ट पिळलेलं फडकं, मेन बंद करून.

चिमणीची जाळी स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची हे आधी बघा. स्टीलची असेल तर टबात कढत पाणी, चार लिटरला पाव वाटी धुण्याचा सोडा, आणि जाळी अर्धा तास बुडवून ठेवा. वर तरंगणारा मेणकट पिवळा थर पाहिल्यावर आपण इतके दिवस काय श्वासात घेत होतो, असा प्रश्न पडतोच. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको; रिठ्याचं गरम पाणी आणि ब्रश, वेळ जास्त लागेल.

हळदीच्या डागाला सोडा लागला की तो पिवळ्याचा लाल होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून वाटी फेकणार होते. हळद तशीच वागते, सोड्यात लाल, आंबटात परत पिवळी. हळद जाते ती उन्हाने. डाग पडलेला टेबलक्लॉथ, प्लॅस्टिकचा डबा, लाकडी पोळपाट, धुऊन गच्चीवर ठेवा. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन दुपारी पुरतात. उन्हाच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो, पण गाद्या, उशा, गोधड्या, चटया यांच्यासाठी इतकं फुकटचं आणि जोरदार साधन दुसरं नाही. सकाळी घाला, दुपारी उलटा, संध्याकाळी झटका.

सिंक साचलं तर आधी वाकून जाळीतलं शितं-केस काढा. निम्मे पाइप तेवढ्यानेच मोकळे होतात. मग अर्धी वाटी धुण्याचा सोडा टाकून वरून दोन तांबे गरम पाणी सावकाश. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप नरम पडतो.

पितळ-तांब्याला चिंच आणि मीठ. भिजवलेल्या चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, बोटांनी चोळा, लगेच धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. पुसण्याचा आळस केला तर पाण्याचे ठिपके तसेच काळे पडतात. देवघरातली समई मात्र तेल आणि काजळीने माखलेली असते, तिला थेट चिंच लावून उपयोग नाही. आधी पिठाने तेल टिपा, मग सोड्याचं गरम पाणी, आणि शेवटी चिंच. तेल गेल्याशिवाय आंबट धातूपर्यंत पोचतच नाही. जुन्या बायका चुलीची राख वापरायच्या, तीही उत्तम. पण लाकडाची. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची उडती राख खिडकीत बसते म्हणून ती गोळा करून भांडी घासायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडा. ती कोळशाची राख, तिचं भांड्यांशी काम नाही.

नव्या स्टीलच्या भांड्यावरचं स्टिकर निघालं तरी डिंक राहतो ना, त्याला संत्र्याची ताजी साल बाहेरच्या बाजूने दाबून चोळा. सालीतलं तेल डिंक सोडवतं. मुलांना हे काम द्या, आवडीने करतात.

पाचवी पायरी : न्हाणी आणि संडास

इथे आंबटाचं राज्य. नळाभोवतीची खपली : जुन्या फडक्याची पट्टी आंबट पाण्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्धा तास. मग ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्रोमच्या नळाला रात्रभर गुंडाळून ठेवू नका, मुलामा खराब होतो. सोनेरी रंगाच्या फिटिंगला तर लावूच नका. शॉवरची भोकं बुजली असतील तर तो काढून आंबट पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा. खाली पांढरा गाळ जमतो.

टाइल्सवरच्या धुरकट थरात साबण आणि क्षार दोन्ही असल्याने दोन दिवसांचं काम करा. आज सोड्याचं गरम पाणी, ब्रश, धुणं. उद्या आंबट पाणी, दहा मिनिटं, धुणं. टाइल्समधल्या फटी सिमेंटच्या असतात. आंबट फवारण्याआधी भिंत साध्या पाण्याने ओली करा म्हणजे फटी आधीच पाणी प्यायलेल्या राहतील आणि आंबट कमी शोषतील. दर आठवड्याला आंबट मारू नका, महिन्यातून एकदा बास. रोज अंघोळीनंतर वायपरने भिंत निथळवली तर तेही लागत नाही. पाणी वाळलंच नाही तर क्षार बसणार कुठून?

संडासाच्या भांड्यातल्या पिवळ्या कड्यासाठी झोपण्याआधी तीन-चार मोठे चमचे लिंबूफूल पाण्याच्या रेषेवर भुरभुरवा. सकाळी ब्रश. फार जुनं कडं असेल तर दोन-तीन रात्री लागतात. बाजारचं ॲसिड एका मिनिटात करतं हे खरं. पण त्या वाफेने डोळे चोळत बाहेर यावं लागतं, हेही खरं.

घरात उलट्या-जुलाबाचं आजारपण असेल तेव्हा मात्र रिठे आणि लिंबूफुलावर भरवसा ठेवू नका. ते घाण काढतात, जंतू मारण्याची खात्री देत नाहीत. त्या दिवसांत संडास आणि फरशीला बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ब्लीचचं पाणी, खिडकी उघडी ठेवून. मी स्वतः तेच करते.

सहावी पायरी : फरशी आणि काचा, थोडक्यात

आधी झाडू, मग पोछा. धूळ ओली केली की चिखल होतो. अर्ध्या बादलीला एक कप रिठ्याचं पाणी पुरतं. बादलीत मूठभर मीठ टाकायची चाल आपल्याकडे आहे. श्रद्धेने टाकत असाल तर टाका, पण स्वच्छतेत त्याने भर पडत नाही. फरशी चिकट मात्र होते.

काचा आणि आरशाला अगदी थोडं आंबट पाणी आणि कोरडं सुती फडकं. शेवटचा हात आरओच्या गाळलेल्या पाण्याचा मारा, डाग राहत नाहीत. आरओमधून वाया जाणारं पाणी काचेला नको, त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात. ते पोछ्याला आणि संडासात वापरा.

संत्र्याच्या सालीचं एन्झाइम

नागपुरात राहून हे केलं नाही तर काय! दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारी-मार्चला मृगाची. घराघरांत सालींचे ढीग. प्रमाण सोपं : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साली, एक लिटर पाणी. थायलंडमधल्या रोसुकोन पूमपानवोंग यांनी हे प्रमाण लोकप्रिय केलं, आणि आता ते इथल्या गच्च्यांवर स्थिरावलं आहे.

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नाही. गूळ पाण्यात विरघळवा, सालींचे लहान तुकडे आत टाका, वर चांगली जागा मोकळी ठेवा. झाकण लावा, बाटलीवर तारीख लिहा. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून हवा काढायची आणि परत लावायचं. तीन महिन्यांनी गाळा. वरती पांढरी साय धरली तर चालते. काळी बुरशी आणि सडका वास आला तर मूठभर गूळ घालून बघा. तरीही सुधारलं नाही तर खतात टाका.

हवा काढायचं विसरलात तर काय होतं ते सांगते. मृगाच्या सालींची बाटली मी माळ्यावर ठेवली आणि लग्नासाठी चार दिवस अमरावतीला गेले. एप्रिल. आपला एप्रिल. परत येऊन दार उघडलं तर घरभर संत्र्याच्या दारूसारखा वास. माळ्यावरून गुळाचं पाणी ओघळून खालच्या ट्रंकेवर, ट्रंकेतून पैठणीच्या पिशवीवर, आणि या सगळ्या वाटेने मुंग्यांची वरात. बाटलीचं बूड फुगून फाटलं होतं. उकाड्यात आंबण्याचा वेग वाढतो, हे इडलीच्या पिठाने रोज सांगितलेलं असताना मला तेव्हा आठवलं नाही. म्हणून बाटली जमिनीवर, सावलीत, परातीत, आणि गावाला जायचं तर शेजारच्या काकूंकडे.

तयार पाणी आंबट असतं. म्हणजे कोटा-कडप्प्याचा नियम याला पूर्णपणे लागू. टाइल्सच्या फरशीला अर्ध्या बादलीत दोन झाकणं, सिंकच्या वासाला अर्धा कप, रात्री. गाळलेला चोथा कुंडीतल्या मातीखाली. वास सुरेख, कचरा कमी, एवढं नक्की. पण ते सगळे जंतू मारतं, विहिरी शुद्ध करतं असं जे सांगितलं जातं त्यावर माझा विश्वास नाही. साली आहेत म्हणून करावं.

तीन महिने धीर नसेल तर साली बरणीत दाबून भरा, बुडतील इतकं व्हिनेगर ओता, दोन आठवड्यांनी गाळा, तेवढंच पाणी मिसळा. व्हिनेगरचा उग्रपणा जातो आणि काम तेच होतं.

कुलर : याला वेगळा वेळ द्या

मार्च संपत आला की माळ्यावरचे, गॅलरीतले कुलर बाहेर निघतात. सगळ्यात आधी प्लग काढून वायर हातात धरून बघा की ती खरंच निघाली आहे. पाणी, पत्रा आणि वीज यांची गाठ दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जीव घेते.

ताट्यांतलं जुनं गवत क्षाराने दगड झालं असेल तर ते धुण्यात वेळ घालवू नका, नवीन भरा. वाळ्याच्या ताट्या साध्या पाण्यात बुडवून झटकल्या तर आणखी एखादा मोसम निघतो. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर ती आडवी ठेवून आंबट पाणी ओता, अर्ध्या तासाने नळाखाली धरा. ब्रश लावला तर कागदी पापुद्रे फाटतात.

टाकी फायबरची किंवा प्लॅस्टिकची असेल तर आंबट पाणी खुशाल वापरा. पत्र्याची असेल तर नको, आंबट पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं आणि पुढच्या वर्षी बूड गळायला लागतं. तिथे काथ्या, साधं पाणी आणि हाताचा जोर. गंज दिसला तर कोरडं करून रंगाचा हात.

मोसमभर आठवड्यातून एक दिवस ठरवा. आमचा शनिवार आहे. त्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी, आणि रिकामी करून थांबायचं नाही. आतल्या कडा घासायच्या. डेंगीचा डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. पाणी बदललं पण कडा घासल्या नाहीत, तर डासांना नवं पाणी दिल्यासारखं झालं. कडुलिंबाचा पाला टाकून हे टळतं असं कोणी सांगितलं तरी घासणं सोडू नका.

कामवाल्या मावशींचं काय

तुमच्याकडे मदतीला मावशी येत असतील तर खरी परीक्षा त्यांच्यापुढे. आमच्या मावशी पहिल्या दिवशी रिठ्याच्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय वं बाई, चहा टाकला का बादलीत?" फिनाईलचा वास आला नाही की फरशी पुसली असं त्यांना वाटत नव्हतं. मी बोलले नाही. बादली हाताने घुसळून दाखवली, फेस वर आला, आणि त्यांचं समाधान झालं. महिन्याभराने बोटांच्या पेरांवरच्या भेगा कमी झाल्याचं त्यांनीच दाखवलं. तरी सोड्याचं काम असेल त्या दिवशी मोजे त्यांनाही द्या, स्वतःपुरते ठेवू नका.

बाटल्या ओळखायची खूणही त्यांनीच काढली. मी मोठ्या अक्षरांत नावं लिहिली होती, पण ओल्या हातांनी शाई आठवड्यात पुसली गेली. मावशींनी भाजीच्या जुडीचं लाल रबर आंबट बाटलीच्या गळ्याला अडकवलं, रिठ्याला पांढरं, आणि मला सांगितलं, "लाल असन तं गोट्याले नाई लावाचं." गोटा म्हणजे दगड. कोल्ड्रिंकच्या बाटल्या मात्र त्यांनी आणि मी दोघींनी मिळून घराबाहेर काढल्या. पोरं तहानलेली येतात आणि तोंडाला लावतात.